मे महिन्यात मुलांना पुस्तकं कशी वाचून दाखवायची

प्रश्न असा आला आहे: आम्ही ठाण्यात लोकमान्य नगरला राहतो. गणेशोत्सव मंडळाची खोली सकाळी रिकामी असते, ती सुट्टीत वापरायला मिळते आहे. चार ते आठ वर्षांची पंचवीस-तीस मुलं होतील. आम्ही पाच जणी आहोत, वर्गणीतून १५,००० रुपये जमले आहेत. मुलांना वाचनाची गोडी लागावी असं काही करायचं आहे. प्रत्येक पुस्तकाला एक स्टार आणि शेवटी बक्षीस समारंभ, असं डोक्यात आहे. सुरुवात कुठून करावी?

ताई, स्टार आणि बक्षीस समारंभ तेवढा काढून टाका. बाकी जे लागतं ते तुमच्याकडे आहे. मी कळवा आणि वागळे इस्टेट भागात चौदा वर्षं सुट्टीतले वाचनवर्ग चालवले. दुसऱ्या वर्षी आमची सगळ्यात मोठी चूक हीच झाली होती, म्हणून आधी तिच्याबद्दल लिहिते.

आम्ही भिंतीवर तक्ता लावला होता. मुलांची नावं, समोर चौकोन, पुस्तक संपलं की एक चांदणी. पहिला आठवडा नुसता उत्साह होता. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की मुलं कपाटातून सगळ्यात पातळ पुस्तक शोधून काढताहेत. आठ वर्षांचा एक मुलगा पानं भराभर उलटून "झालं" म्हणायचा आणि तक्त्याकडे धावायचा. त्याच वर्गात दुसरीतली एक मुलगी होती. मुंग्यांच्या वारुळावरचं एकच पुस्तक ती तीन दिवस बघत होती. बोट ठेवून बोगदे मोजायची, शेजारच्याला दाखवायची. चौथ्या दिवशी तिने तक्ता पाहिला. तिच्या नावापुढे एक चांदणी होती आणि इतरांच्या नावापुढे सात, आठ, नऊ. त्यानंतर ती आलीच नाही. घरी जाऊन आईला भेटले, तर आई म्हणाली, "ती म्हणते मला वाचता येत नाही." खरं तर वर्गात तिच्याइतकं मन लावून वाचणारं दुसरं कोणी नव्हतं.

पुढे समजलं की हे फार पूर्वी तपासून झालेलं आहे. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका बालवाडीत प्रयोग केला. ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडायचं अशी मुलं त्यांनी निवडली. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर प्रमाणपत्र दिलं. काहींना काहीच दिलं नाही. काही दिवसांनी पेनं पुन्हा वर्गात ठेवली, तेव्हा बक्षीस ठरवून काढायला लावलेली मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांत रमली. मुंग्यांच्या पुस्तकावरच्या त्या मुलीचं बोट मला हे वाचताना आठवत होतं. तेव्हा तक्ता नको, गुण नकोत, "सर्वोत्तम वाचक" नको. शेवटच्या दिवशी काही द्यावंसं वाटलं तर प्रत्येक मुलाला एक पुस्तक द्या, कायमचं, त्याने स्वतः निवडलेलं. किती वाचलं याच्याशी त्याचा संबंध जोडू नका.

आता तारखा. ठाण्यात सुट्टीतला वर्ग बसतो की मोडतो ते बहुतेक तारखांवरच ठरतं. महापालिकेच्या आणि राज्य मंडळाच्या शाळांचा निकाल १ मेच्या सुमारास लागतो आणि शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. कागदावर सहा आठवडे दिसतात. पण तुमच्याकडची बरीच घरं कोकणातली किंवा घाटावरची असणार. निकाल लागला की मुलं गावाला जातात, मग लग्नं येतात, आणि वीस मेला सतरंजीवर नऊ मुलं उरतात. नवीन माणूस इथे खचतो. खचू नका, आधीच दोन तुकडे पाडा. पहिला तुकडा २ मेपासून अडीच आठवडे, जी मुलं इथे असतील त्यांच्यासाठी. दुसरा जूनच्या पहिल्या आठवड्यापासून शाळा सुरू होईपर्यंत, गावाहून परतलेल्यांसाठी. मधले दिवस खोली बंद ठेवली तरी चालते, आठवड्यातून एकदा फक्त पुस्तकं बदलून द्या.

आणि गावाला जाणाऱ्या मुलाला रिकाम्या हाताने पाठवू नका. आम्ही त्याला "गावची पिशवी" म्हणायचो. जुन्या साडीची शिवलेली पिशवी आणि त्यात पाच पुस्तकं: दोन मुलाने निवडलेली, दोन आम्ही, आणि एक मोठ्यांनी वाचून दाखवण्याजोगं, म्हणजे आजी-आजोबांसाठी. ती परत येणार नाहीत ही भीती प्रत्येक कार्यकर्तीला असते. मलाही होती. बहुतेक परत आली. पानांना फणसाचा चीक लागून, जांभळाचे डाग पडून, एकदा तर मधल्या पानात वाळलेला मोहोर ठेवून. काही आली नाहीत. एक मुलगा म्हणाला, मामेबहिणीला आवडलं म्हणून तिथेच ठेवलं. आम्ही वहीत त्या पुस्तकासमोर "गावाला गेलं" असं लिहिलं आणि पुढच्या खरेदीत तेच पुस्तक पुन्हा आणलं.

वेळ सकाळचीच ठेवा. संध्याकाळी मुलं गल्लीत खेळतात आणि तो खेळ त्यांच्या हक्काचा आहे, पुस्तकांनी तो खाऊ नये. चार-पाच वर्षांची मुलं ९ ते पावणेदहा, सहा ते आठची १० ते सव्वाअकरा. एकत्र बसवू नका. लहानांना एका दमात पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसवत नाही आणि मोठ्यांना लहानांच्या चुळबुळीचा त्रास होतो. बारा-पंधरा मुलांमागे एक वाचणारी, एक मुलांमध्ये बसणारी आणि एक पुस्तकं देणारी-घेणारी अशा तिघी हव्यात. तुम्ही पाच जणी आहात, म्हणजे रोज दोघींना सुट्टी मिळते. ती घ्याच. पहिल्या आठवड्यात पाचही जणी रोज आल्या तर तिसऱ्या आठवड्यात एकही येत नाही.

पैशांचं म्हणाल तर १०,००० रुपये पुस्तकांना ठेवा. पण ते एकदम खर्च करू नका. आधी ७,००० ची घ्या. उरलेले ३,००० दुसऱ्या आठवड्यात, कोणती पुस्तकं मुलं हातची सोडत नाहीत ते पाहून. लाडक्या पुस्तकाच्या दोन-तीन प्रती असाव्या लागतात, नाहीतर त्यावरून भांडणं होतात. मराठीत लहान मुलांची चांगली चित्रपुस्तकं शंभर रुपयांच्या आत मिळतात. नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स, ज्योत्स्ना प्रकाशन, तूलिका यांच्या याद्या आधी बघा. उरलेल्या ५,००० मध्ये दोन मोठ्या सतरंज्या, पिशव्या, नोंदवही, चिकटपट्टी, कोरे कागद, रंगीत खडू आणि प्रथमोपचाराची पेटी होते. खाऊवर खर्च करू नका. खाऊ सुरू झाला की वर्ग खाऊभोवती फिरू लागतो आणि कुणाला काय चालत नाही याची वेगळीच काळजी मागे लागते. पाणी मात्र भरपूर ठेवा. मे महिन्यात ठाण्यातली सकाळसुद्धा घामाची असते.

प्रथम बुक्सने २०१५ मध्ये स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ सुरू केलं. त्यावर मराठीतल्या भरपूर गोष्टी फुकट आहेत आणि श्रेयपान कायम ठेवून त्या छापायलाही परवानगी आहे. त्यांच्या चार पातळ्या आहेत. पहिल्या पातळीच्या गोष्टी अडीचशे शब्दांच्या आत असतात, दुसरीच्या सहाशेपर्यंत. तुमच्या वयोगटाला या दोन पुरतात. फक्त हिशेब करा: दुकानात रंगीत प्रिंट काढून घेतली तर ती बहुतेक वेळा तयार पुस्तकापेक्षा महाग पडते. म्हणून जे विकत मिळत नाही तेवढंच छापा. मोबाइलवर किंवा टीव्हीवर गोष्ट दाखवण्याचा मोह होईल. या वर्गात तो आवरा. पडद्यावरचं चित्र मूल पोटाशी धरून घरी नेऊ शकत नाही.

दान म्हणून येणाऱ्या पुस्तकांबद्दल आधीच ठाम राहा. आवाहन केलंत की आठवड्यात चार खोकी येतील. त्यात जुनी पाठ्यपुस्तकं, गाईडं, स्पर्धा परीक्षांचे संच आणि बारीक टायपातल्या बोधकथा असतील. देणाऱ्याला दुखवायचं नसतं म्हणून आपण ठेवून घेतो आणि मग मुलांना कपाटात आवडीचं काही सापडत नाही. आम्ही शेवटी एक कागदच छापला: पानभर चित्र, पानावर दोन-चार ओळी, मोठा टाइप, फाटलेलं नाही, एवढंच स्वीकारू. पुस्तक निवडताना मी स्वतः एक कसोटी लावते. शब्द झाकून फक्त चित्रांवरून गोष्ट सांगता येते का? येत असेल तर वाचता न येणारं मूलही त्या पुस्तकात शिरू शकतं. शब्दच नसलेली चित्रपुस्तकं पाच-सहा तरी घ्या. त्यावर घरातली मोठी माणसं, ज्यांची अक्षरओळख कच्ची आहे तीसुद्धा, मुलाशी बोलू शकतात. बेडूक, रेल्वे, पाऊस, हाडं असल्या विषयांची माहितीची पुस्तकंही हवीत. काही मुलांना गोष्ट नकोच असते. त्यांना खरं काय ते हवं असतं.

बालभारतीचं "किशोर" मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात. ते तुमच्या मुलांना थोडं मोठं होईल, पण त्यातल्या कविता मोठ्याने म्हणायला उत्तम.

आता मुख्य काम, वाचून दाखवणं. बाकी सगळं जमलं आणि हे नाही जमलं तर फक्त सुट्टीतलं पाळणाघर होतं. हे बिघडलं नाही तर बाकी गोंधळ खपतो.

पुस्तक आदल्या रात्री घरी तीनदा मोठ्याने वाचा. कुठे थांबायचं, कुठे आवाज लहान करायचा, कुठलं पान उलटण्याआधी श्वास घ्यायचा, हे तेव्हाच कळतं. खोलीत बसताना तुमची पाठ खिडकीकडे नको. मागून उजेड आला की मुलांना तुमची आणि पुस्तकाची नुसती काळी आकृती दिसते. मुलांची पाठ खिडकीकडे, तुमचं तोंड उजेडाकडे. अर्धगोल करून बसवा. तुम्ही खुर्चीवर नाही, छोट्या पाटावर किंवा स्टुलावर. पुस्तक खालून मधोमध धरा, म्हणजे चित्रावर हात येत नाही, आणि एका बाजूला, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. म्हणून तर गोष्ट आधी जवळजवळ पाठ हवी, कारण तुम्हाला तिरकंच वाचावं लागतं. पंख्याचा आवाज मोठा असेल तर वाचताना दहा मिनिटं एक पंखा बंद करा. मागच्या रांगेला ऐकू येत नसलं की दंगा मागूनच सुरू होतो.

पुस्तकात जे शब्द आहेत तेच वाचा. मुलांना कळणार नाही म्हणून आपल्या भाषेत गोष्ट सांगायची सवय आपल्या सगळ्यांना असते, आणि नुसती गोष्ट सांगणं हा वेगळा, सुंदर प्रकार आहेच, त्यालाही दिवस ठेवा. पण पुस्तक हातात असताना शब्द बदलू नका. आज वाचलं तेच उद्या त्याच पानावर तसंच येतं, हे चार वर्षांच्या मुलाला आश्चर्यकारक वाटतं, आणि कागदावरच्या त्या काळ्या खुणांमध्ये काहीतरी पक्कं आहे ही समज तिथूनच येते. "पाणवठा" किंवा "उखळ" असा शब्द आला तर हाताने दाखवा, एका वाक्यात सांगा आणि पुढे जा.

एकच पुस्तक आठवड्यात तीनदा वाचा. नवीन कार्यकर्त्यांना हे पटत नाही, त्यांना रोज नवीन काहीतरी द्यायचं असतं. पण पहिल्या दिवशी मुलं फक्त पुढे काय होतं ते ऐकतात. दुसऱ्या दिवशी चित्रं बघतात. तिसऱ्या दिवशी तुम्ही वाक्याच्या शेवटी थांबलात की ती वाक्य पुरं करतात. त्यानंतर कुणीतरी ते पुस्तक उचलून कोपऱ्यात जाईल आणि अक्षर येत नसताना पहिल्यापासून शेवटपर्यंत "वाचेल". त्या वेळी मध्ये जाऊ नका, चुका सुधारू नका. मला माझा वर्ग बरा चाललाय हे हजेरीवरून नाही, "परत वाच ना" किती वेळा ऐकू येतं त्यावरून कळायचं.

गोष्ट संपली की "यातून आपण काय शिकलो?" हा प्रश्न विचारू नका. तो विचारला की मुलं गोष्टीतून बाहेर येतात आणि शाळेत जाऊन बसतात. पुस्तक चालू असतानाच सहज विचारा: हा का लपला असेल? आता काय होईल? मूल म्हणालं "भूभू पळाला", तर तुम्ही म्हणा, "हो, भूभू घाबरून पलंगाखाली पळाला." मुलाचंच वाक्य थोडं लांबवून परत द्यायचं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी १९८८ मध्ये दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना असं वाचायला शिकवलं, आणि महिन्याभरात ती मुलं बोलण्यात आणि शब्दांत इतरांच्या बरीच पुढे गेलेली दिसली. यात खर्च शून्य आहे. सवय मात्र लावून घ्यावी लागते, कारण आपला हात आपोआप प्रश्नोत्तरांकडे जातो.

एकेका मुलाला उभं करून वाचायला लावू नका. तुमच्याकडे इंग्रजी माध्यमातली मुलं असतील, ज्यांचं बोलणं मराठी आणि वाचणं अडखळतं. हिंदी किंवा भोजपुरी बोलणारीही असतील. ती आठ दिवस नुसती ऐकू देत. घरच्या भाषेत उत्तर दिलं तर ते घ्या आणि मराठीत पुढे न्या. मालवणीत बोलणाऱ्या मुलाला "नीट बोल" म्हणणाऱ्या बाईंना मी वर्गातून बाजूला घेऊन समजावलं आहे, आणि पुन्हा समजावीन.

वर्गात अक्षरं गिरवून घ्यायची नाहीत, पण लिहिणं आणा. मूल चित्र काढतं, मग तुम्ही विचारता हे काय, ते सांगतं, आणि त्याच्याच शब्दांत तुम्ही चित्राखाली लिहिता. "आमच्या बिल्डिंगच्या टाकीवर घार बसली." मग बोट फिरवून त्याला ते वाचून दाखवा. कागद दुमडून, मधोमध कापून एका पानाचं आठ पानी पुस्तक करता येतं. वर मुलाचं नाव लिहा आणि ते कपाटात बाकीच्या पुस्तकांबरोबर ठेवा. दुसरं मूल ते घरी नेतं तेव्हा लिहिणाऱ्याचा चेहरा बघा.

पुस्तकं घरी द्यायचीच. वाचनवर्गात पुस्तक फक्त तिथेच बघायला मिळालं तर काम अर्धं राहतं. नोंदीला साधी वही पुरते: तारीख, नाव, पुस्तक, परत. दंड ठेवू नका. फाटलं तर मूल ते लपवतं आणि मग येणंच बंद करतं, हे मी पाहिलं आहे. त्याऐवजी शुक्रवारी पुस्तकांचा दवाखाना भरवा. पारदर्शक चिकटपट्टी, गोंद, कात्री, आणि मुलंच दुरुस्ती करतात. ज्याने पुस्तक फाडलं तोच मोठ्या काळजीने पट्टी लावतो.

आयांना एकदा अर्ध्या तासासाठी बोलवा, पण भाषण नको. एक पुस्तक वाचून दाखवा, बस. ज्या आईला वाचता येत नाही तिला वेगळं सांगा की मूल चित्र दाखवत बोलेल ते ऐकलंत की तुमचं काम झालं. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यात, अंगणवाडी सुरू केली तेव्हा त्यांनी मूल शाळेत येत नाही म्हणून शाळा मुलाच्या अंगणात नेली. तुमच्या गल्लीतही अशी दोन-चार मुलं असतील, ज्यांच्यामागे धाकटं भावंड आहे किंवा ज्यांना कुणी आणून सोडणारं नाही. तिथे दारात सतरंजी टाकून दहा मिनिटं वाचून या. धाकट्यालाही बसू द्या.

सुरक्षेचे नियम पहिल्याच दिवशी लिहून लावा आणि कुणासाठी मोडू नका. कोणतीही मोठी व्यक्ती एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत नसेल. मुलाला न्यायला कोण येणार ते वहीत असेल, दुसरं कुणी आलं तर आईला फोन. पालकांच्या लेखी परवानगीशिवाय फोटो नाहीत, आणि परवानगी असली तरी मुलाच्या नावासह ग्रुपवर टाकायचे नाहीत. मंडळाचे कार्यकर्ते मदतीला येतील तेव्हा त्यांनाही हेच नियम.

शाळा सुरू होण्याआधी मोठ्या गटाला ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय दाखवून आणता आलं तर बघा, आधी बोलून. ते १८९३ मध्ये सुरू झालं. पुढे "महाराष्ट्र सारस्वत" हा मराठी साहित्याचा इतिहास लिहिणारे वि. ल. भावे तेव्हा विशी नुकती ओलांडलेला ठाणेकर तरुण होते आणि संस्था उभी करण्यात ते पुढे होते. लोकमान्य नगरच्या मुलाला स्टेशनजवळचं ते ग्रंथालय दूरचं वाटतं, बसने जावं लागतं. एकदा आत पाऊल टाकलं, एवढी पुस्तकं एका जागी पाहिली, की निदान ते आपल्या गावात आहे हे त्याला माहीत होतं.

जूनमध्ये शाळा उघडली की वर्ग बंद करू नका, आठवड्याला एक तास करा, शनिवारी. पाऊस सुरू झाल्यावर पुस्तकं भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल धरतात. लोखंडी कपाट, खालचा कप्पा रिकामा, पुस्तकं सैल लावलेली, आणि कडुनिंबाची वाळलेली पानं. कसर लागलेलं पुस्तक लगेच वेगळं काढा. पाऊस उघडला की ऑक्टोबरच्या उन्हात सगळी एकदा पसरून ठेवा, मुलांना बोलावून. आणि कपाटाची किल्ली दोघींकडे असू द्या. एकीकडेच असली आणि ती गावाला गेली, की त्या शनिवारी मुलं पिशवी घेऊन बंद दारासमोर उभी राहतात.